मदत हवी आहे: रोजच्या झेड-फोरला कुठले ब्रेक पॅड घालू?

नमस्कार मंडळी. गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर. कोल्हापुरात रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी, सुट्टीला पन्हाळा नाहीतर गगनबावड्यावरून करूळ घाट. पुढचे पॅड संपत आलेत, सेन्सरचा दिवा लागलाय. डिस्क मोजून घेतली. तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अजून बरीच जाड आहे, काठाला फक्त बारीक कड आलीय. म्हणून डिस्क तीच ठेवणार.

मूळ पॅड धरतात झकास, पण अलॉय चाकांवर पॅडची काळी भुकटी इतकी बसते की पावसात तिचा चिकट थर होतो. त्यामुळे ओढा सिरॅमिक पॅडकडे आहे: भुकटी कमी, आवाज कमी. काळजी एवढीच, की करूळच्या लांब उतारावर तापल्यावर पकड टिकेल ना? गिअरवरच उतरतो, तरी घाट तो घाट. ट्रॅकचे पॅड मात्र नकोतच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि दाभोळकर कॉर्नरला रिक्षा आडवी आली की गार असतानाही धरणारे पॅडच कामाला येतात.

ईबीसी कंपनीचे रेडस्टफ (सिरॅमिक, कमी भुकटीचे) की यलोस्टफ (जास्त पकडीचे), इथं अडलोय. कुणी रोजच्या गाडीला वापरलेत का? पावसाळ्यात सकाळचा पहिला ब्रेक कसा लागतो? सेन्सरची वायर नवी घालणारच, ब्रेक ऑइलही बदलणार, ते ओलावा ओढतं.

आणि उद्यमनगरात कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून, योग्य ग्रीस लावून पॅड बसवणारा खात्रीचा मिस्त्री असेल तर जरूर सांगा. घाईघाईत नुसते पॅड कोंबणारा नको.