मदत हवी आहे: काटा करंगळीत, सूज अंगठ्याला, आणि आता भुलीनंतर हात लुळा

गोदाकाठचा, गुरुवार, रात्री ९:४५

दवाखान्याच्या जिन्यात बसून मोबाइलवर लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही माजलगाव तालुक्यातले. वडील (आप्पा, वय ६२, बारा वर्षांपासून शुगर, गोळी कधी घेतात कधी नाही) मागच्या शुक्रवारी बांधाला कुपाटी करत होते. बाभळीचा काटा उजव्या करंगळीत मोडला, तळव्याच्या बाजूने, मधल्या पेरावर. आईने सुईने उकरून काढला, हळद भरली, विषय संपला. कापूस वेचायला माणसं मिळेनात म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पा परत रानात.

रविवारी रात्री ठणका सुरू झाला. सोमवारी करंगळी गाजरासारखी फुगलेली, अर्धवट वाकलेली. सरळ करायला हात लावला की आप्पा ओरडायचे. आप्पा ओरडणारा माणूस नाही. मंगळवारी हाताची मागची बाजू पुरीसारखी टम्म झाली. जवळच्या एका डॉक्टरांनी तिथेच, मागच्या बाजूला, चीर दिली. रक्त आणि पाणी आलं, पू नाहीच. बुधवारी जे झालं ते मला अजून उमगलेलं नाही: अंगठा सुजला. मधली तीन बोटं बरी म्हणावीत अशी, आणि सूज त्यांच्यावरून उडी मारून अंगठ्यावर! आई म्हणते काटा विषारी होता, विष चढलं.

आज मोठ्या दवाखान्यात आणलं. सर्जन म्हणाले, घोड्याच्या नालेसारखा पू भरलाय, मनगटाच्या वर गेलाय, आजच उघडायचा. पूर्ण भूल नको म्हणाले, कारण शुगर ३४०, ईसीजीत थोडी गडबड, आणि आप्पा सकाळी भाकरी खाऊन आलेले. हासळीच्या हाडाच्या वर, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत इंजेक्शन दिलं. चारला ऑपरेशन झालं, भरपूर पू निघाला.

आता काळजी ही. पावणेसहा तास झाले, खांद्यापासून हात गोणीसारखा पडलाय. त्यात उजवी पापणी खाली आलीय, डोळा बारीक दिसतो, आवाज घोगरा. आईने तर "वारं गेलं रं" म्हणून रडारड सुरू केलीय. सिस्टर म्हणतात भुलीचं आहे, उतरेल. पण भूल हाताला आणि डोळा कसा मिटतो? आणि दुखणं पंजात असताना सुई गळ्याजवळ कशाला? पंजातच बधीर करता आलं नसतं का? कुणी डॉक्टर जागे असतील तर सांगा.

भूलथाप, रात्री ९:५८

भूलतज्ज्ञ आहे, आयडीवर जाऊ नका.

बाकीचं नंतर, आधी उठून आप्पांकडे जा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. डावा हात आणि दोन्ही पाय उचलायला सांगा. स्वतःचं गाव, तुमचं नाव विचारा. बोलणं जड वाटतंय का? धाप लागलीय का, छातीत दुखतंय का? यातलं काहीही असेल तर तिथूनच आरडाओरडा करून ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलवा. काही नसलं तरी पापणीचं त्यांच्या कानावर घालाच. मी इथून बघू शकत नाही, ते बघू शकतात. तपासून इथे लिहा, मग सांगतो.

गोदाकाठचा, रात्री १०:१२

तोंड सरळ आहे. पाय उचलले. गावाचं नाव तर सांगितलंच, वर "मला येडा समजतो का" असंही म्हणाले. धाप नाही. डॉक्टर येऊन गेले, बॅटरीने बाहुल्या बघितल्या, उजवी बारीक आहे म्हणाले, घाबरू नका म्हणाले आणि गेले. समजावून सांगायला वेळ नव्हता त्यांना, वॉर्ड भरलाय.

भूलथाप, रात्री १०:४०

छान. येडा समजतो का म्हणणाऱ्या पेशंटबद्दल मला जरा कमी काळजी वाटते.

आता ऐका. मटण साफ करताना स्नायूवरचा पांढरट पारदर्शक पापुद्रा बघितलाय ना? त्याला फॅशिया म्हणतात. सगळ्या शरीरात असे पापुद्रे आहेत, वाकळेत एकावर एक जुनी लुगडी शिवलेली असतात तसे. दोन थरांच्या मधली जागा एरवी मिटलेली असते, पण तिथे काही द्रव शिरला की थर सुटतात आणि तो टाका नसलेल्या वाटेने सरकत जातो. हाताला जाणाऱ्या सगळ्या नसांचा जुडगा मानेतून निघून हासळीमागून काखेत उतरतो, आणि त्याच्याभोवती अशाच पापुद्र्याची खोळ असते. त्या खोळीत, नसांना न टोचता, वीस-पंचवीस मिली औषध सोडलं की खांद्याखालचा जवळपास अख्खा हात झोपतो. पूर्वी हे बोटाने चाचपून अंदाजाने करायचे. १९११ साली कुलेनकाम्फ या जर्मन डॉक्टरने ही वरून सुई घालायची पद्धत आधी स्वतःवरच करून बघितली. अंदाजाच्या त्या काळात सुई फुप्फुसाला लागायची भीती होती, म्हणून आता सोनोग्राफी. धाप आणि छातीत दुखणं मी पहिल्यांदा विचारलं ते त्यासाठीच. सुई बघून घातली तरी ती शक्यता शून्य होत नाही.

आता डोळा. औषध खोळीत सोडलं तरी ते काही पाटाचं पाणी नाही, दार लावलं की थांबलं. थोडं मानेच्या बाजूला झिरपतं. तिथे पापणी आणि बाहुली सांभाळणारी एक नस जाते, ती पेंगते. पापणी खाली, बाहुली बारीक, कधी डोळा लाल. याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. आवाजाच्या नसेपर्यंत गेलं की घोगरेपणा. आम्ही हे बरेचदा बघतो. औषध उतरलं की तेही उतरतं.

हात किती वेळ? बुपिवॅकेन दिलं असेल तर बारा तास सहज, कधी अठरा. २४ तासांनंतरही बोट हलत नसेल तर मात्र आम्हाला जाब विचारायचा. तोवर हात झोळीत आणि उशीवर उंच ठेवा, पलंगाबाहेर लोंबू देऊ नका. आणि आईंना सांगा, शेक द्यायचा नाही. बधीर हाताला भाजलेलं कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीने फोड आलेले मी बघितलेत. दुसरं, भूल उतरताना दुखणं एकदम उसळतं. वेदनेची गोळी किंवा सलाईन हात जागा व्हायच्या आधीच चालू करा म्हणून सिस्टरला आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर पहाटे तीनला तुम्ही पुन्हा जिन्यात.

पंजातच का नाही? पुवाची जागा आंबट असते, म्हणजे आम्लधर्मी. आमची औषधं नसेच्या आत शिरायला ज्या रूपात असावी लागतात, त्या रूपात ती आंबट जागी फारच कमी उरतात. लिग्नोकेनचं बोलायचं तर नेहमीच्या शरीरातही साधारण चौथा हिस्साच तशा रूपात असतो. पुवात तो आणखी घसरतो. शिवाय सुजलेल्या भागात रक्त जास्त खेळतं, औषध वाहून जातं, नसा आधीच चिडलेल्या. आणि संसर्गातून सुई घालायची म्हणजे घाण पुढे ढकलायची. म्हणून दूर, स्वच्छ जागी जाऊन नस गाठायची. दाढेला पू असताना दातवाले इंजेक्शन देतात आणि पेशंट "बधिर झालंच नाही" म्हणून भांडतो, ते याच कारणाने.

बांधावरचा, रात्री ११:०५

आमच्याकडं काटा मोडला की गूळ-चुना लावतेत नाहीतर बिब्बा घालतेत. दोन दिवसात काटा वर येतो. दवाखान्यात नेलं की कापायलाच बसतेत.

चिरफाड, रात्री ११:३०

बांधावरचे भाऊ, बिब्ब्याने कातडी भाजलेले हातही माझ्याकडेच येतात. काटा वर येईल, पण आत गेलेले जंतू गुळाला भुलत नाहीत. शुगरवाल्याला तर अजिबात नको.

गोदाकाठचे, मी हाडांचा डॉक्टर. तुमच्या अंगठ्याच्या कोड्याचं उत्तर देतो, मला ते फार आवडतं.

बोट वाकवणारी दोरी, टेंडन, तळव्याच्या बाजूने एका नळीत असते, सायकलच्या ब्रेकची तार नळीत असते तशी. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, यांच्या नळ्या तळव्यातच संपतात. करंगळीची नळी मात्र बहुतेकांत तशीच पुढे मनगटापर्यंत जाते. अंगठ्याचीही जाते. आणि मनगटापाशी पुष्कळ लोकांत या दोन पिशव्या एकमेकींना मिळालेल्या असतात. आता चित्र काढा: करंगळीतून उतरा, मनगटाशी वळा, अंगठ्यात चढा. घोड्याची नाल! पुवाने उडी मारलीच नाही, तो रस्त्याने गेला. मधल्या तीन बोटांचे रस्ते त्या चौकाला येतच नाहीत. मनगटाच्या वर स्नायूंखाली आणखी एक रिकामी जागा आहे, पॅरोनाची जागा. "मनगटाच्या वर गेलाय" म्हणजे तिथे. विषबिष काही नव्हतं.

हे नकाशे उगाच नाही आले. शिकागोचे सर्जन ॲलन कनावेल यांनी मृतदेहांच्या हातांत द्रव्य सोडून ते कुठे कुठे पसरतं ते बघितलं आणि १९१२ मध्ये सगळं छापलं. पेनिसिलिन यायला तेव्हा कितीतरी वर्षं होती. बोट अर्धवट वाकलेलं, सगळीकडून सारखं फुगलेलं, नळीच्या रेषेवर दाबलं की दुखतं, आणि दुसऱ्याने सरळ केलं की जीव जातो: या चार खुणा त्यांच्याच नावाने आहेत. तुम्ही सोमवारचं वर्णन करताना नकळत त्यातल्या तीन लिहिल्यात. त्या दिवशी आला असता तर कदाचित करंगळीच्या दोन टोकांना दोन छोट्या चिरा देऊन नळी धुवून भागलं असतं.

मागच्या बाजूच्या चिरेबद्दल. तळव्याची कातडी जाड आणि आतल्या पडद्याला घट्ट शिवलेली, तिला फुगायला जागाच नाही. मागची कातडी सैल, आणि तळव्यातलं लसीकेचं पाणीही मागेच वाहतं. म्हणून पू तळव्यात आणि सूज पाठीवर. ही फसगत जुनी आहे, नवशिका कुणीही फसेल. पण सुजेला नव्हे, जिथे दाबल्यावर सगळ्यात जास्त दुखतं तिथे विचारायचं असतं.

अँटिबायोटिकने का नाही गेलं हा प्रश्न येईलच. साठलेल्या पुवात रक्त जात नाही, मग रक्तातून येणारं औषध कसं जाणार? शिवाय नळीत दाब वाढला की टेंडनचं रक्त तुटतं आणि ती दोरी मरते. ४८ तासांत पुन्हा आत नेऊन धुवायची वेळ आली तर दचकू नका, यात तसं करावं लागतं. कातडी काळी पडणं, फोड, दाबल्यावर चरचर, किंवा दुखणं सुजेच्या मानाने भलतंच जास्त, यातलं काही दिसलं तर मात्र राउंडची वाट बघू नका.

परभणीची पाहुणी, रात्री ११:५२

भूलथाप, अवांतर होईल. माझ्या आज्जीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा जांघेजवळ असंच इंजेक्शन दिलं होतं, एक्सरेच्या आधीच. तेही हेच का?

भूलथाप, मध्यरात्र १२:२०

त्याच घराण्यातलं. तिथे कमरेच्या स्नायूवरच्या पडद्याखाली औषध सोडतात. आणि गंमत बघा (आमच्या धंद्यातली गंमत), मणक्याच्या टीबीचा पू त्याच भागात स्नायूच्या खोळीतून खाली उतरतो आणि जांघेत गाठ म्हणून दिसतो. मानेच्या मणक्याचा असेल तर त्या वरच्या खोळीतून थेट काखेत. दुखत नाही, गरम लागत नाही, म्हणून थंड गळू म्हणतात. शिकत असताना घाटीच्या सरकारी दवाखान्यात सरांनी असा पेशंट दाखवून विचारलं होतं, "हा पू ज्या वाटेने आला त्या वाटेने तू उद्या काय पाठवणार?" मला उत्तर आलं नव्हतं. तीन वर्षांनी आलं.

गोदाकाठचा, शुक्रवार, सकाळी ७:१०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, डोळा लागला होता.

पहाटे साडेचारला अंगठा हलला, मग एकेक बोट. पापणी त्याआधीच वर गेली होती. दुखणं आलंच, पण सलाईन आधी चालू होतं म्हणून सोसवलं. आई रात्री खरंच विटेचा शेक द्यायच्या तयारीत होती, रुमालात गुंडाळून ठेवलेली वीट मी जप्त केली.

शुगर २१० वर आलीय. राउंडला सर आले, उद्या परत धुवायचं म्हणाले, पुन्हा गळ्याजवळच इंजेक्शन. आप्पांनी विचारलं, "डोळा परत मिटंल का?" सर म्हणाले मिटेल कदाचित. आप्पा म्हणाले, "मिटू द्या, पण कापूस वेचायला बोट वाकलं पाहिजे." तर चिरफाड, तेवढं सांगा: बोटं हलवायचा व्यायाम कधीपासून? इथे फिजिओवाल्या मॅडम सोमवारीच येतात.

चिरफाड, सकाळी ८:०२

सोमवारपर्यंत थांबू नका. उद्या धुवून झालं की तिथल्या सर्जनना विचारा, ते हो म्हणाले की त्याच दिवसापासून, दुखलं तरी, दर तासाला थोडं थोडं. पट्टीतली बोटं ताठ झाली तर ती परत वाकवणं पू काढण्यापेक्षा अवघड. आणि मोफत उपचाराच्या सरकारी योजनेच्या कागदांसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आजच गाठा, रेशनकार्ड मागवून घ्या गावाकडून.