अंगणात गुलमोहर? मी तरी लावणार नाही

चिऱ्याचं_घर: गोव्यात नव्या घरांच्या दारात हल्ली गुलमोहर नाहीतर पिचकारी (आफ्रिकन ट्यूलिपचं झाड) दिसतेच. मे महिन्यात फोटो झकास येतात, कबूल. पण जूनमध्ये कौलांवर चढायचं कोण? गुलमोहराची बारीक पानं भिजली की पन्हळीत लेपासारखी बसतात, बोटांनी खरवडून काढावी लागतात. तोवर पाणी भिंतीत मुरलेलं. लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. खाली जांभा लागला की आडवी पसरतात आणि लाद्या उचलतात. मोकळ्या माळावर खुशाल लावा, चिमूटभर अंगणात नको.

पेडण्याची_सून: मग माड तोडा आधी! झावळ पडून कौलं फुटतात, नारळ डोक्यात पडायची भीती, तरी माड दारात हवाच. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर गुलमोहराची सावली आहे म्हणून दुपारी खोलीत बसवतं. पन्हळ काय, झाड नसलं तरी साफ करावीच लागते.

चिऱ्याचं_घर: माड नारळ देतो हो. गुलमोहर हातभर लांब, लाकडासारख्या शेंगा देतो. चुलीत घाला फार तर.

कुळागरवाला: गुलमोहर परवडला, पिचकारी नको. कळ्या दाबून पाणी उडवायला पोरांना मजा येते, पण तिच्या फुलांत मधमाश्या मरून पडतात, विशेषतः बिनकाट्याच्या. बी कागदासारखं पातळ, वाऱ्याबरोबर कुठेही जाऊन रुजतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत हे झाड आहे. फुलंच हवीत तर सुरंगी लावा, ओंवळ म्हणजे बकुळ लावा. वळेसर (गजरे) तरी होतील.

पेडण्याची_सून: पिचकारीचं पाप गुलमोहराच्या माथी नको. आणि ओंवळ लावली तर सावलीत नातवंडं बसतील. मला ऊन आत्ता लागतंय.

चिऱ्याचं_घर: घाईचं झाड काढायची वेळ आली की कळेल. 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे गोव्यात स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते. रोप आणलं तेव्हा कोणी विचारलं होतं? बरं, तुमचा गुलमोहर घरापासून किती लांब?

पेडण्याची_सून: चांगला पंधरा हात. फांद्या दर एप्रिलात छाटून घेते.

कुळागरवाला: आणि शेजाऱ्यांच्या कौलांपासून?

पेडण्याची_सून: त्यांनी अजून तक्रार केलेली नाही.