आंबा संपला की युरोप: आई-बाबा, दोन पोरं, खिसा बेताचा. सल्ला हवा

देवगडची_लाट:
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण. आई 71, बाबा 76 (गुडघे आणि बीपी), आम्ही दोघं, मुलगी 11, मुलगा 5. घरची कलमं आहेत, त्यामुळे मे अखेरपर्यंत हलता येत नाही, आणि 15 जूनला शाळा. मधले बारा दिवस काय ते आपले. टूरवाल्याचा "दहा दिवसांत पाच देश" असा कागद आलाय. आकडा बघून बाबा म्हणाले, "एवढ्यात अजून एक विहीर होईल." आपलं आपण जमेल का?

चाकरमानी_डोंबिवली:
तो कागद चुलीत घाला. आम्ही वडिलांना तसंच नेलं होतं. रोज साडेसहाला बॅगा खाली, बसमध्ये झोप, उतरलं की फोटो. वडिलांनी पाच देशांतली पार्किंगं बघितली, बस्स. तुम्ही तीनच मुक्काम करा: जर्मनीत म्युनिक 3 रात्री, मग ऑस्ट्रियात साल्झबर्ग 4, व्हिएन्ना 4. परतीचं विमान व्हिएन्नाहून घ्या, उलटं यायला नको.

म्युनिक ते साल्झबर्ग 'बायर्न तिकीट' (म्युनिकच्या बव्हेरिया राज्याचं दिवसभराचं रेल्वे तिकीट) काढा. एका तिकिटात पाच माणसं, आणि सहा वर्षांखालचं पोर फुकट, म्हणजे तुमचं अख्खं बिऱ्हाड एका तिकिटात. फक्त साध्या रिजनल गाड्याच चालतात आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच. तसंही बाबांचा चहा-आंघोळ होईस्तोवर नऊ वाजणारच.

खाडीकाठ:
व्हिसाचं नीट ऐका, इथेच लोक चुकतात. उतरणार जर्मनीत असलात तरी जास्त रात्री ऑस्ट्रियात, तेव्हा अर्ज ऑस्ट्रियाचा. फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वयाला 45, धाकट्याला शून्य. म्हणजे 405 युरो, वर व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे 12 वर्षांपासून पुढे, म्हणून आई-बाबांना केंद्रावर न्यावंच लागेल. किमान 30,000 युरोचा विमा सगळ्यांचा. बाबांच्या आधीच्या आजारांचं काय, ते पॉलिसीत वाचूनच पैसे भरा. अर्ज सहा महिने आधी करता येतो. एप्रिलवर टाकू नका, तेव्हा तुम्ही पेट्या भरत असणार.

अजून एक. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी बव्हेरियातल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, ती बरेचदा तुमच्याच दिवसांत येते. घर लवकर धरा. जुन्या इमारतींना लिफ्ट नसते, मालकाला विचारून लेखी घ्या.

मालवणी_मसालो:
आधी आवशीक इचार, तिका काय बघूक व्हया ता. बाकी सगळा मागसून.

देवगडची_लाट:
विचारलं. म्हणाली, "बर्फ नको, चढ नको, होडीत बसव."

चाकरमानी_डोंबिवली:
मग क्योनिग्स-झे! साल्झबर्गहून बसने बेर्ख्टेसगाडेन, तिथून तळं जवळच. 1909 पासून तिथे विजेवर चालणाऱ्या होड्या आहेत. ना धूर, ना आपल्या फेरीबोटीसारखी धडधड. मध्येच इंजिन बंद करून होडीवाला कर्णा वाजवतो आणि समोरचा कडा ते सूर परत देतो. आमचे वडील तिथे तासभर गप्प बसले होते, घरी पाच मिनिटं बसत नाहीत.

खाडीकाठ:
खाण्याचं: किचनवालं घर घ्या, तांदूळ-भाज्या सुपरमार्केटातून. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भरा. घरून भाजणी, मेतकूट, कुळीथ पीठ न्या. तूप आणि पेढे नको, बाहेरचं दुधाचं काही युरोपीय संघात नेता येत नाही. सुकं खोबरं विमानातच चालत नाही.

देवगडची_लाट:
आणि हापूसची पेटी? आई हट्टाला पेटलीय.

खाडीकाठ:
रोपस्वच्छतेच्या दाखल्याशिवाय (फळात कीड-रोग नाही असा सरकारी कागद) नाही. 2014 मध्ये फळमाशीपायी त्यांनी आपला आंबाच बंद केला होता, 2015 मध्ये उघडला. नारळाला मात्र दाखला लागत नाही. सुकी मासळीही 20 किलोपर्यंत चालते, पण भाड्याच्या घरात सोडे तळाल तर डिपॉझिट विसरा.

देवगडची_लाट:
बाबांना आकडा सांगितला, विहिरीचं नाव काढलं नाही. पासपोर्ट काढायला दिलेत. आई विचारतेय, नारळ चालतो तर आडाळो (खोवायची विळी) कुठल्या बॅगेत?

मालवणी_मसालो:
चेक-इनमध्ये गे बाय, हातात नुको!