एस्टीमचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय, खाली एक थेंब नाही. हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवण्याआधी काय बघू?

नमस्कार मंडळी. गाडी मारुती एस्टीम, २००३ चं मॉडेल, पेट्रोल. वडिलांनी घेतलेली आहे, त्यामुळे 'विकून टाका' एवढा सल्ला सोडून काहीही सांगा. तो घरात रोज मिळतो.

कोल्हापुरात फिरताना काही त्रास नाही. रंकाळ्यापासून कावळा नाक्यापर्यंत भर उन्हात सिग्नल खात जा, तापमानाचा काटा मध्यावर. पण पन्हाळ्याला किंवा गगनबावड्याकडे निघालं की चढाला काटा वर सरकतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर रेडिएटरची कॅप काढली तर आत पातळी खाली गेलेली, आणि गंमत म्हणजे बाजूची बाटली काठोकाठ! पार्किंगमध्ये रात्रभर पुठ्ठा अंथरून बघितला, कोरडा ठणठणीत.

ऑइलची पट्टी स्वच्छ आहे, दुधाळपणा नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. पायाखालचं मॅटिंग कोरडं, आत गोडसर वासही नाही, म्हणजे हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) बरा असावा. दोन गोष्टी मात्र खटकतात. सकाळी रेडिएटरचा वरचा होज पाईप चपटा झालेला असतो. आणि वॉटर पंपाखाली ब्लॉकवर हिरवट-पांढरा पापुद्रा धरलाय. नखानं खरवडला की भुगा पडतो, ओल लागत नाही.

उद्यमनगरात दोघांना दाखवली. एक म्हणाले हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेलंय, हेड उतरवू. दुसरे म्हणाले रेडिएटर जाम आहे, नवा टाका. दोघांनीही उभ्या उभ्या सांगितलं, हात काळा कुणी केला नाही. खर्चाला ना नाही, पण अंदाजावर हेड उतरवायला मन होत नाही. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद:
भावा, हेडला हात लावू देऊ नको. आधी कॅप बदल. चपटा पाईप आणि भरलेली बाटली, दोन्ही कॅपकडंच बोट दाखवतात. कॅपमध्ये दोन वॉल्व्ह असतात. मोठा दाब धरतो, पाणी तापून फुगलं की जादाचं बाटलीत सोडतो. मधला बारका गार होताना उघडतो आणि बाटलीतलं परत आत ओढून घेतो. तो चिकटला की बाटलीत गेलेलं परत येत नाही, आत पोकळी होते आणि पाईप चिंबतो. पुढच्या चढाला भरलेली बाटली उतू जाते, ते सांडतं रस्त्यावर. तुझा पुठ्ठा कोरडा राहील नाही तर काय! नवी कॅप घेताना जुनीवरचा दाबाचा आकडा बघ, ०.९ असेल तर ०.९ चीच घे. तेवढ्या दाबात साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. कॅप दाब धरत नसेल तर घाटात आधीच उकळी फुटते. आणि गरम गाडीची कॅप कधीच उघडू नको.

प्रतिसाद:
कॅपचं वरच्यांनी बरोबर सांगितलंय, पण तो पापुद्रा सोडू नका. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून झिरपतं, गरम ब्लॉकवर वाळतं आणि रंग मागं ठेवतं. ज्यांच्याकडे प्रेशर टेस्टर आहे असा मिस्त्री गाठा. गार इंजिनवर कॅपच्या जागी तो टेस्टर बसवून कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा बघत बसायचं. काटा उतरला की टॉर्च घेऊन वॉटर पंप, होजच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडा बघा. कुठंच ओल नाही आणि तरी काटा उतरतोय, तरच हेडचा विचार. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडं सोडणारा वॉल्व्ह) जागेवर आहे का तेही विचारा, आपल्याकडं गाडी तापली की तो काढून फेकायची फार खोड आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. कॅप बदलली, पाईप आता सकाळी गोल असतो. टेस्टर लावला तर काटा सावकाश उतरला, आणि थोड्या वेळानं पंपाच्या भोकातून हिरवा मणी डोकावला. बाकी सगळं कोरडं. मिस्त्री म्हणतात पंपासाठी टायमिंग बेल्ट (इंजिनचे वॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा) उतरवावाच लागेल. बेल्ट आणि टेन्शनरही (तो ताणून धरणारी पुली) आत्ताच बदलून टाकू का? आणि आतापर्यंत कुणीतरी बोअरचं पाणी भरलेलं दिसतंय, तांबूस गाळ निघाला. फ्लश करताना (आतून धुताना) नुसतं पाणी पुरेल का?

प्रतिसाद:
बेल्ट आणि टेन्शनर बदलाच, मजुरी तीच आहे. फ्लश नळाच्या पाण्यानं स्वच्छ निघेपर्यंत करा, पण शेवटचं डिस्टिल्डनं. मग कूलंट आणि डिस्टिल्ड निम्मं-निम्मं. तयार मिश्रण घेतलंत तर पाणी अजिबात घालू नका. भरताना हीटर फुल गरमवर ठेवा, नाहीतर हवा अडकते.