मदत हवी आहे : किपलिंगचं घर (बेटमन्स), गाडी नाही आणि बाबांचे गुडघे दुखतात

नमस्कार मंडळी,

आई-बाबा महिनाभरासाठी आमच्याकडे लंडनला आलेत. बिग बेन, टॉवर ब्रिज उरकून झालं. आता बाबांनी हट्ट धरलाय, ईस्ट ससेक्समधल्या बर्वॉश गावाजवळचं, 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचं घर बघायचंच.

बाबा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. रुडयार्डच्या साम्राज्यप्रेमाशी त्यांना काडीचं देणंघेणं नाही. त्यांना बघायचंय ते त्याच्या वडिलांचं काम. लॉकवुड किपलिंग १८६५ साली जे. जे.त शिकवायला आले आणि त्याच डिसेंबरात रुडयार्ड मुंबईत जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं लॉकवुडचीच. लहानपणी बाबा आम्हाला तिथे मान वर करून उभं करायचे आणि मागून पाटीवाले ओरडायचे, "ओ, बाजूला व्हा!" मुलाच्या 'किम' कादंबरीसाठी लॉकवुडनी घडवलेली शिल्पं या घरात आहेत, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

तर अडचण अशी. चेरिंग क्रॉसहून रेल्वेने एचिंगमला उतरायचं, इथवर कळलं. पुढच्या तीनेक मैलांचं काय? रविवारी स्टेशनबाहेर टॅक्सी असते, की आधी सांगून ठेवावी लागते? मागे अशाच एका खेड्यात तासभर पावसात उभे राहिलो होतो, आई अजून ऐकवते.

दुसरं, घर १६३४ चं आणि किपलिंगची लिहायची खोली वरच्या मजल्यावर. जिना कितपत उभा आहे? धरायला कठडा आहे का? आणि ती शिल्पं नेमकी कुठल्या खोलीत लावली आहेत? खालीच असतील तर प्रश्नच मिटला, लिहायचं टेबल नाही बघितलं तरी बाबांचं अडत नाही.

आईसाठी बाग आहे. १९०७ च्या नोबेलच्या पैशांतून किपलिंगने तिथे तळं करून घेतलं आणि त्यात पडलेल्या पाहुण्यांच्या नावापुढे तो वहीत तशी खूण करून ठेवायचा. आईचं म्हणणं, "एवढे पैसे मिळाले आणि केलं काय, तर डबकं!" पण ओढ्यावरची पाणचक्की तिला बघायचीय.

बागेत बसून घरचा डबा खाल्लेला चालतो का? दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आत्तापासूनच ठरलीय. पुढच्या रविवारी निघायचा बेत आहे, कुणी जाऊन आलं असेल तर तोवर सांगा प्लीज.