मदत हवी आहे: स्लीपमधून उठल्यावर लॅपटॉप उजवा मॉनिटर ओळखत नाही

संत्रानगरी_कोडर
नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, डोकं आउट होऊन राहिलं. सकाळी दोन्ही मॉनिटर मस्त चालतात. दुपारी लॅपटॉप स्लीपवर टाकून जेवायला जातो. येऊन झाकण उघडलं की डावा मॉनिटर सुरू, उजवा काळा. 'नो सिग्नल'ची पाटी इकडून तिकडे तरंगते, मग तीही विझते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'डिटेक्ट' दाबलं तर म्हणे दुसरा डिस्प्ले सापडला नाही. रीस्टार्ट केलं की येतो. रोज अडीचला कॉल आणि रोज अडीचला मी रीस्टार्ट करत बसलेलो. केबल बदलून झाली, ड्रायव्हर नवा आहे. लवकर सांगा.

वर्धारोडवाला
कोणती सिस्टीम? मॉनिटर कोणते, कशाने जोडलेत? 'डॉक्टर, दुखतं' एवढं सांगून पेशंट बाहेर जाऊन बसला तर डॉक्टरने काय करावं?

संत्रानगरी_कोडर
विंडोज ११. दोन्ही २४ इंची, फुल एचडी, एचडीएमआय. आणखी काय पाहिजे?

तर्रीबाज
विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब. बीप वाजतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. माझं दोन वर्षं यावरच भागून राहिलं. अडीचच्या कॉलआधी दोन सेकंदांचं काम.

संत्रानगरी_कोडर
दाबलं. बीप आला, स्क्रीन लुकलुकली, उजवा आपला ढिम्म.

पिन_वीस
हा केबलचा दोष आहे, मी पैजेवर सांगतो. डिस्प्लेपोर्टच्या (एचडीएमआयसारखीच मॉनिटरची दुसरी जोडणी) केबलमध्ये २० नंबरची पिन विजेची असते आणि नियमाप्रमाणे साध्या केबलमध्ये ती दोन्ही टोकांना जोडलेली नसायला हवी. स्वस्त केबलवाले ती जोडून मोकळे होतात. मग मॉनिटरमधून वीज उलटी मशीनमध्ये शिरते आणि भलतेच खेळ सुरू होतात. बर्डीच्या बाजारातून दोनशे रुपयांची केबल आणायची आणि मग इथे येऊन रडायचं! माझ्या एका मशीनने तर सुरू व्हायलाच नकार दिला होता. मल्टिमीटर लावून मी स्वतः तपासलं, तीन केबल कापून पाहिल्या.

संत्रानगरी_कोडर
माझ्याकडे डिस्प्लेपोर्टच नाही हो. वर एचडीएमआय लिहिलं आहे.

पिन_वीस
असू द्या. पुढे कोणाच्या तरी कामी येईल.

शून्य_एक
लिनक्स टाका. एक्सरँडर या मॉनिटर लावून देणाऱ्या कमांडची एक ओळ लिहून स्क्रिप्टमध्ये ठेवली की उठल्या उठल्या सगळे मॉनिटर जागेवर.

वर्धारोडवाला
आणि ती स्क्रिप्ट वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले पद्धतीवर, चालेना की मग? मागच्या उन्हाळ्यात तूच दोन धागे काढले होतेस, स्लीपनंतर स्क्रीन येत नाही म्हणून.

शून्य_एक
तो ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा प्रश्न होता. लिनक्सचा नव्हे.

वर्धारोडवाला
हो जी. घर गळतं ते पावसामुळे, छपरामुळे नव्हे. धागाकर्ते, हे सोडा आणि मला सांगा. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक बहुधा एकच असतं. दुसरा मॉनिटर कुठे खोचलात?

संत्रानगरी_कोडर
डॉकला. यूएसबी-सीचा डॉक आहे ना, एका वायरीने लॅपटॉपला लावायचा आणि बाकी सगळं त्यात खोचायचं, तो डबा. तीन आठवड्यांपूर्वीच घेतला. डावा थेट लॅपटॉपला, उजवा डॉकला. हे सांगायला पाहिजे होतं का?

वर्धारोडवाला
नाही नाही. आम्ही कुंडली मांडून ओळखणारच होतो.

सदाशिव_पेठी
सर्वप्रथम बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारी मूळ आज्ञावली, अद्ययावत करावे. मग ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर मुळासकट काढून नवा घालावा. मग 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. शीर्षकात 'मॉनिटर' हा इंग्रजी शब्द न वापरता 'दृश्यपटल' लिहिता आले असते, हे जाता जाता.

संत्रानगरी_कोडर
कंपनीचा लॅपटॉप आहे, ॲडमिनचे हक्क नाहीत. बायॉसला पासवर्ड. आयटीवाल्यांकडे तिकीट टाकलं तर त्यांनी 'रीस्टार्ट करून पाहा' लिहून बंद केलं.

कटिंग_चाय
सदाशिवराव, फास्ट स्टार्टअपचा संबंध शटडाउनशी आहे, स्लीपशी नाही. ते बंद करून या माणसाला काय मिळणार? धागाकर्त्या, कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून, जागा सोडून, स्लॅश आणि ए मार. ॲडमिन लागत नाही. तुझ्या मशीनवर कोणत्या प्रकारची झोप आहे ते कळेल.

संत्रानगरी_कोडर
'स्टँडबाय, एस शून्य, लो पॉवर आयडल' आलं. एस ३ उपलब्ध नाही म्हणतो.

कटिंग_चाय
म्हणजे नव्या पद्धतीची झोप. ही मोबाइलसारखी असते, एक डोळा उघडा ठेवून झोपते. जुन्या एस ३ मध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद व्हायचं.

मॅकवाली_धरमपेठ
विषय निघालाच आहे तर माझंही विचारते. एम १ चिपचा मॅकबुक एअर आहे. दोन मॉनिटर लावले तर एकच दिसतो. डॉक बदलू का?

कटिंग_चाय
साधा डॉक बदलून काही होणार नाही. त्या चिपला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. डिस्प्लेलिंकवाला डॉक घेतला तर दुसरा येतो, पण ते काम सॉफ्टवेअरने ढकललेलं असतं. वेगळा धागा काढा ना ताई.

खसखस_कूलर
दुपारी लाइन जात असेल तुमच्याकडे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की हमखास जाते. कूलर आणि मॉनिटर एकाच इन्व्हर्टरवर आहेत का? कूलरची मोटर सुरू होताना झटका घेते. इन्व्हर्टरवर कूलर चालवूच नये. आणि खस दरवर्षी बदला, मागच्या वर्षीची वापरली तर वास मारते.

संत्रानगरी_कोडर
लाइन गेलेली नाही. कूलर वेगळ्या बोर्डावर आहे. खस नवीन आहे. माझा प्रश्न मॉनिटरचा आहे!!

अनघा_न
दोन गोष्टी करून बघाल का? एक, लॅपटॉप स्लीपवर टाकून तिथेच बसा, पाच मिनिटांनी उठवा. दोन, उजवा काळा असेल तेव्हा रीस्टार्ट करू नका. डॉकची यूएसबी-सी वायर लॅपटॉपमधून उपसा, दहा मोजा, परत खोचा.

संत्रानगरी_कोडर
वायर उपसून खोचली. उजवा लगेच आला! आणि पाच मिनिटांच्या झोपेनंतर दोन्ही बरोबर उठले. तीनदा केलं, तीनही वेळा उठले. मग जेवणानंतरच काय होतं याला?

तर्रीबाज
जेवण जड होत असेल. सावजी खाऊन आमचाही उजवा डोळा उघडत नाही.

अनघा_न
डॉकला स्वतःचा अडॅप्टर आहे का? तो कोणत्या बोर्डावर आहे? आणि तुम्ही जेवत असता तेव्हा त्या खोलीत कोण जातं?

संत्रानगरी_कोडर
अडॅप्टर आहे. तो आणि दोन्ही मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. ते बटण बाबा बंद करतात. रिकाम्या खोलीत काही चालू दिसलं की बंद, पंख्यापासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत. मी येतो, झाकण उघडतो आणि वाकून टेबलाखालचं बटण चालू करतो. हे तर घरोघरी चालतं, त्यात काय सांगायचं?

वर्धारोडवाला
हे राम.

अनघा_न
तेच सांगायचं होतं. डावा मॉनिटर थेट जोडलेला आहे. एचडीएमआयच्या १९ नंबरच्या पिनवरून तो 'मी आलो' असं लॅपटॉपला कळवतो, त्यामुळे त्याला वीज उशिरा मिळाली तरी चालतं. उजव्याच्या वाटेत डॉक आहे. लॅपटॉप झोपलेला असताना डॉकची वीज गेली. तुम्ही झाकण उघडलंत तेव्हा डॉक मेलेला होता, मग बटण दाबल्यावर तो जिवंत झाला. आता चित्र यूएसबी-सीतून न्यायचं तर लॅपटॉप आणि डॉक यांना पुन्हा पहिल्यापासून बोलणी करावी लागतात. तुमच्याकडे ती बोलणी बहुधा अर्ध्यावर अडकतात. वायर उपसली की दोघंही नव्याने सुरुवात करतात.
म्हणून क्रम उलटा करा. आधी बोर्डाचं बटण, अर्धा मिनिट थांबा, डॉकचा दिवा स्थिर झाला की मग झाकण.

पिन_वीस
तरी एकदा केबल तपासायला काय हरकत आहे?

कटिंग_चाय
मॉनिटरच्या मेनूत 'डीप स्लीप' असेल तर तेही बंद करून ठेव. त्यात काही मॉनिटर इतके गाढ झोपतात की लॅपटॉपला दिसतच नाहीत. लॅपटॉप सिग्नल पाठवत नाही आणि सिग्नल नाही म्हणून मॉनिटर उठत नाही. मॉनिटरचं ते सेटिंग आहे, त्याला आयटीची परवानगी लागत नाही.

संत्रानगरी_कोडर
आज आधी बटण, मग झाकण. दोन्ही आले. विंडोही आपापल्या जागी. डीप स्लीप उजव्याला सुरू होतं, बंद केलं. अनघाताई, मानलं बुवा.
बाबांना सांगितलं, हे बटण बंद करू नका. ते म्हणाले, 'महिन्याला बिल कोण भरतं?' त्यांना दाखवायला डॉकवर हात ठेवला तर तो चांगलाच गरम. 'बंद केला नसता तर आणखी तापला असता,' म्हणाले. मग बटणावर टेप लावला. संध्याकाळी पाहतो तर टेप जागेवर, आणि बाबांनी भिंतीवरचं मुख्य बटणच बंद केलेलं.

तर्रीबाज
बाबांना ॲडमिनचे हक्क आहेत बे.

सदाशिव_पेठी
'टेप' नव्हे, 'चिकटपट्टी'.

मॅकवाली_धरमपेठ
वेगळा धागा काढला आहे. डिस्प्लेलिंकवाला डॉक बर्डीवर मिळेल का? कोणी घेतला असेल तर तिकडे सांगा.