जे दुसऱ्या नोंदीवरून काढता येते, ते इंटरप्रिटरने साठवून ठेवावे का?

जकार्ड (मूळ लेखन)
सोलापुरातील एका चादर कारखान्यासाठी मी नक्षीवर्णनाची एक छोटी भाषा आणि सी भाषेत लिहिलेला तिचा इंटरप्रिटर (त्या भाषेतील सूचना वाचून चालवणारा प्रोग्राम) सांभाळतो. एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना आलेल्या अडचणीची नोंद) उठले की त्याचा प्रकार, खुद्द एक्सेप्शन आणि ते कोणकोणत्या ओळींतून आले याचा माग अशा तीन गोष्टी तीन फील्डमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, ठेवल्या जातात. (आमच्या गावात माग म्हटले की भलतेच समजतात, म्हणून पुढे ट्रेसबॅक म्हणतो.) वास्तविक प्रकार आणि ट्रेसबॅक हे दोन्ही एक्सेप्शनपाशी आधीच असतात. गेल्या आठवड्यात पकडलेले एक्सेप्शन पुन्हा पुढे पाठवताना त्याच्यापाशी असलेला ट्रेसबॅक बदलला, फील्डमधला जुनाच राहिला, आणि मोराच्या नक्षीतील चूक आम्ही अर्धा दिवस भलत्याच ओळीवर शोधत बसलो. ही दोन्ही फील्ड काढून टाकावीत, असे माझे मत आहे.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास याला पूरक आहे. २००८ च्या ३.० आवृत्तीपासून एक्सेप्शन स्वतःचा ट्रेसबॅक बाळगते, तरीही इंटरप्रिटरच्या आत तिन्ही फील्ड पुढे चौदा वर्षे नांदली. २०२२ च्या ३.११ मध्ये हाताळणी चालू असलेल्या एक्सेप्शनची नोंद एका फील्डवर आली, आणि २०२३ च्या ३.१२ मध्ये नुकत्याच उठलेल्या एक्सेप्शनचीही. बाहेरून विचारणाऱ्याला अजून तिन्ही उत्तरे मिळतात. त्यांतील दोन विचारल्यावर काढून दिली जातात.

खतावणी
आपला दाखला मान्य, निष्कर्ष नाही. मंगळवार पेठेतील एखाद्या जुन्या पेढीवर जाऊन पाहा. खतावणीतील प्रत्येक आकडा रोजमेळातून काढता येतो, पण म्हणून खतावणी कोणी फाडून टाकत नाही, कारण गिऱ्हाईक दारात उभे असताना वर्षभराचा रोजमेळ चाळणे परवडत नाही. पायथनची स्ट्रिंगसुद्धा (मजकुराचा तुकडा) आपला हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, एकदा काढला की जपून ठेवते.

जकार्ड
पेढीवर मेळ घातला जातो. आमच्या तीन फील्डचा मेळ कोणीच घालत नव्हते. शिवाय स्ट्रिंग बदलत नसल्यामुळे तिचा हॅश शिळा होण्याचा प्रश्नच येत नाही, ट्रेसबॅक मात्र एक्सेप्शन वर सरकताना वाढत जातो. स्ट्रिंगचेच उदाहरण हवे असेल, तर तिच्यातील डब्ल्यूएसटीआर हा जुन्या पद्धतीच्या प्रतीकडे नेणारा पॉइंटर पाहा. २०१२ च्या ३.३ आवृत्तीत साठवणीची नवी पद्धत आल्यावर तो केवळ जुन्या सी कोडच्या सोयीसाठी उरला होता. ३.१२ मध्ये तो गेला आणि ६४-बिट यंत्रावर दर स्ट्रिंगमागे ८ किंवा १६ बाइट वाचले.

टाकळी
वेगाचा मुद्दा दोघांकडूनही निसटला आहे. पायथनच्या जुन्या रचनेत सी कोडला केवळ प्रकार आणि मजकूर नोंदवून पुढे जाता येत असे, आणि पूर्ण एक्सेप्शन गरज पडली तरच घडवले जाई. उठले आणि लगेच गिळले गेले, तर घडवण्याचा खर्च वाचत असे. ३.१२ पासून ते नोंदवतानाच घडवावे लागते. म्हणजे तिन्ही फील्ड निव्वळ अडगळ नव्हती, त्यांत एक काटकसर दडलेली होती, जरी तिच्यापायी ती फील्ड वाचणाऱ्या प्रत्येक कोडला 'हे पूर्ण घडलेले आहे की अर्धवट?' असे आधी विचारावे लागे. मला स्वतःला ती काटकसर महाग वाटते.

खतावणी
मग मधला मार्ग घ्या. फील्ड राहू द्यात आणि चाचणीच्या बिल्डमध्ये प्रत्येक बदलानंतर मेळ तपासणारी असर्ट (मेळ नसेल तर प्रोग्राम तिथेच थांबवणारी ओळ) घाला.

जकार्ड
प्रकाराच्या फील्डपुरते हे मान्य आहे, कारण एक्सेप्शनचा प्रकार आमच्याकडे मध्येच बदलत नाही. ट्रेसबॅकचे फील्ड मात्र या महिन्यात काढतो.

टाकळी
काढण्याआधी बाहेरचे कोण ते थेट वाचते, हे पाहिलेत का? ३.११ च्या वेळी सायथनला (पायथनसारख्या कोडचे सी कोडमध्ये रूपांतर करणारे साधन) आपला निर्माण होणारा कोड याच कारणाने बदलावा लागला होता.

जकार्ड
आत्ताच शोधले. आमचा नक्षी-संपादक प्रोग्राम ते दोन ठिकाणी वाचतो, आणि त्यातले एक ठिकाण मीच लिहिलेले आहे.